५६ वर्षांचा विक्रम मोडणाऱ्या एआयने 'मागे पडलेली' उत्तरं जपून का ठेवली?

१४ मे २०२५ रोजी गुगल डीपमाइंडने 'अल्फाइव्हॉल्व्ह' ही एआय प्रणाली जगासमोर आणली. तिने गणितातला ५६ वर्षं जुना विक्रम मोडल्याची बातमी तेव्हा सगळीकडे फिरली.

विक्रम होता मॅट्रिक्सच्या गुणाकाराचा. चार ओळी आणि चार रकाने असलेल्या दोन मॅट्रिक्स बारावीच्या पुस्तकातल्या पद्धतीने गुणायच्या, तर संख्यांचे ६४ गुणाकार करावे लागतात. १९६९ साली फोल्कर स्ट्रासेन या जर्मन गणितज्ञाने एक युक्ती शोधली. ती दोनदा वापरली की हेच काम ४९ गुणाकारांत होतं. अल्फाइव्हॉल्व्हने कॉम्प्लेक्स संख्यांच्या मॅट्रिक्ससाठी ते ४८ वर आणलं.

बातम्यांचा सूर होता, 'मशीन माणसापेक्षा हुशार झालं.' पण या प्रणालीच्या पोटात दडलेली एक गोष्ट फारशी कुणी सांगितली नाही. अल्फाइव्हॉल्व्ह फक्त पहिल्या नंबरचं उत्तर हातात धरून पुढे जात नाही. गुणांमध्ये मागे पडलेली, पण वेगळ्या वाटेने गेलेली उत्तरंही ती सांभाळून ठेवते. पुढचा चांगला विचार त्यातूनच निघेल, हा त्यामागचा हिशोब.

मागे पडलेल्यांना जागा का द्यायची? आणि उद्या तुमच्या शहरातल्या बसचे मार्ग किंवा तुमच्या कॉलेजचं टाइमटेबल एआयने ठरवलं, तर या प्रश्नाचा तुमच्याशी काय संबंध?

आधी समजून घेऊ, ही 'उत्क्रांती' म्हणजे काय?

अल्फाइव्हॉल्व्ह ज्या कुळातली आहे त्या कुळाला इव्होल्यूशनरी अल्गोरिदम म्हणतात. कल्पना डार्विनच्या सिद्धांतावरून घेतलेली आहे. अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठातले जॉन हॉलंड यांचं १९७५ साली आलेलं पुस्तक या क्षेत्राचा पाया मानलं जातं.

पद्धत सोपी आहे. एखाद्या प्रश्नाची शंभर-हजार कच्ची उत्तरं तयार करायची. प्रत्येकाला गुण द्यायचे. चांगल्या गुणांची उत्तरं निवडायची, त्यांची आपसात सरमिसळ करायची, थोडे बदल करायचे आणि नवी पिढी तयार करायची. हे चक्र शेकडो वेळा फिरवायचं. पिढी दर पिढी उत्तरं सुधारत जातात.

ही पद्धत अंतराळातही जाऊन आली आहे. नासाच्या 'एसटी५' मोहिमेतले छोटे उपग्रह २२ मार्च २००६ रोजी अवकाशात गेले, तेव्हा त्यांच्यावर अशाच अल्गोरिदमने घडवलेला अँटेना होता. दिसायला वाकवलेल्या पेपर क्लिपसारखा. कोणत्याही इंजिनियरने कागदावर असा आकार काढला नसता, पण काम त्याने चोख केलं.

मग अडचण कुठे येते?

समजा, दाट धुक्यात महाराष्ट्रातल्या सह्याद्रीतलं सगळ्यात उंच टोक शोधायचं आहे. नकाशा नाही, मोबाइलला रेंज नाही. पायाखालची जमीन चढते आहे की उतरते आहे, एवढंच कळतं. तुम्ही चढत राहिलात आणि साल्हेरच्या माथ्यावर पोहोचलात. चारी बाजूंना उतार. तुम्हाला वाटणार, हेच सर्वोच्च टोक. पण साल्हेर १,५६७ मीटर आहे आणि कळसूबाई १,६४६ मीटर. तिथे जायचं तर आधी खाली उतरावं लागेल, आणि 'फक्त वर चढायचं' हा नियम तुम्हाला उतरू देणार नाही.

गणितात अशा अनेक शिखरांच्या प्रश्नांना 'मल्टिमोडल' म्हणतात. मल्टिमोडल ऑप्टिमायझेशन म्हणजे एकच टोक गाठून न थांबता जितकी चांगली शिखरं आहेत तितकी शोधणं.

इव्होल्यूशनरी अल्गोरिदम एकटा ट्रेकर पाठवत नाही, अख्खी तुकडी पाठवतो. मग तुकडी सगळीकडे पसरेल आणि प्रश्न सुटेल, असं वाटतं. प्रत्यक्षात उलटं होतं.

हिशोब करून बघा. हजार उमेदवारांमध्ये एक जण इतरांपेक्षा बरा निघाला आणि दर पिढीत त्याच्या प्रती दुप्पट होत गेल्या. एकाचे दोन, दोनाचे चार. दहाव्या पिढीला आकडा १,०२४ होतो. म्हणजे दहा पिढ्यांत हजाराच्या हजार उमेदवार त्याच एकाचे नातलग. सगळी तुकडी साल्हेरवर, कळसूबाईकडे कुणीच नाही. आता सरमिसळ करून तरी काय उपयोग? आई-बाप दोघंही सारखेच, तर लेकरू वेगळं कुठून येणार?

याला 'घाईने झालेलं एकमत' म्हणता येईल. या क्षेत्रातली ही सगळ्यात जुनी डोकेदुखी आहे.

त्यात आणखी एक मेख आहे. दोन शिखरं अगदी सारख्या उंचीची असली तरी तुकडी कायम अर्धी-अर्धी राहत नाही. एखाद्या पिढीत योगायोगाने एका बाजूला थोडे जास्त उमेदवार निवडले जातात, पुढच्या पिढीत तो फरक वाढू शकतो, आणि कधीतरी दुसरी बाजू रिकामी होते. रिकामी झालेली बाजू आपोआप परत भरत नाही. म्हणजे विविधता नुसती सुरुवातीला असून भागत नाही. ती प्रत्येक पिढीत मुद्दाम टिकवावी लागते.

विविधता टिकवायची कशी?

गेल्या पन्नास वर्षांत यासाठी अनेक युक्त्या निघाल्या. त्यातल्या मुख्य अशा:

१. गुण वाटून घ्या

१९८७ साली डेव्हिड गोल्डबर्ग आणि जॉन रिचर्डसन यांनी 'फिटनेस शेअरिंग'ची पद्धत मांडली. जवळजवळच्या उमेदवारांनी आपले गुण आपसात वाटून घ्यायचे.

स्टेशनबाहेरच्या वडापावच्या गाड्यांसारखं हे आहे. स्टेशनच्या दारात रोज १०० गिऱ्हाइकं येतात, मागच्या गल्लीत ६०. दारात दहा गाड्या लागल्या तर प्रत्येकाला दहा गिऱ्हाइकं. गल्लीत सहा गाड्या असल्या तर तिथेही प्रत्येकाला दहाच. आता अकरावी गाडी दारात लावली तर वाट्याला नऊच येतात. म्हणून तिथली गर्दी आपोआप थांबते आणि मागची गल्लीही ओस पडत नाही. जितकं उंच शिखर, तितके जास्त उमेदवार, पण सगळे एकाच जागी नाहीत.

अडचण अशी की 'जवळ' म्हणजे किती जवळ, हे आधी ठरवावं लागतं. ते चुकलं की दोन वेगळी शिखरं एकच धरली जातात. शिवाय कोण कुणाच्या जवळ आहे हे मोजायलाच वेळ लागतो. हजार उमेदवार असतील तर जोड्या होतात जवळपास पाच लाख.

२. आपल्यासारख्याचीच जागा घ्या

केनेथ डी जोंग यांनी १९७५ सालच्या पीएचडी प्रबंधात 'क्राउडिंग' सुचवलं होतं. नवा उमेदवार आला की त्याने कुणाही दुबळ्याला बाहेर काढायचं नाही. त्याच्याशी सगळ्यात जास्त साम्य असलेल्याचीच जागा त्याने घ्यायची. पुढे १९९० च्या दशकात सॅमिर महफूद यांनी ही पद्धत नेटकी केली. लेकराने आपल्याशी जास्त साम्य असलेल्या पालकाशी स्पर्धा करायची आणि जिंकलं तरच त्याची जागा घ्यायची. त्यामुळे एका शिखरावरचा विजेता दुसऱ्या शिखरावरच्यांना हुसकावू शकत नाही.

३. वेगवेगळी बेटं करा

तुकडीचे गट पाडायचे आणि प्रत्येक गट वेगळ्या 'बेटा'वर वाढवायचा. बेटांमध्ये ये-जा अगदी थोडी. एका बेटावर घाईने एकमत झालं तरी बाकीची बेटं आपापल्या वाटेने जात राहतात.

अल्फाइव्हॉल्व्हच्या आधी, डिसेंबर २०२३ मध्ये डीपमाइंडच्या 'फनसर्च' या प्रणालीचं संशोधन 'नेचर' या नियतकालिकात आलं. त्यात हीच पद्धत होती. ठराविक वेळाने सगळ्यात मागे पडलेली निम्मी बेटं रिकामी करायची आणि उरलेल्या बेटांवरची चांगली बियाणं तिथे पेरायची. 'कॅप सेट' नावाच्या गणिती कोड्यात फनसर्चने आठ मितींसाठी ५१२ बिंदूंचा संच शोधला. त्याआधी ४९६ पर्यंतच मजल गेली होती.

४. कप्प्यांचं कपाट करा

२०१५ साली जाँ-बाप्तिस्त मुरे आणि जेफ क्लून यांनी 'मॅप-एलीट्स' ही पद्धत मांडली. कपाटाला अनेक कप्पे करायचे. प्रत्येक कप्पा एका वेगळ्या प्रकारच्या उत्तराचा. प्रत्येक कप्प्यात त्या त्या प्रकारातला अव्वल उमेदवार ठेवायचा. स्पर्धा फक्त कप्प्याच्या आत. म्हणजे पैलवानांच्या कुस्तीत जसे वजनी गट असतात तसं. ५७ किलोच्या पैलवानाला ९७ किलोवाल्याने पाडून बाहेर काढायचं नाही.

अल्फाइव्हॉल्व्हमध्ये उत्तरांचा जो साठा आहे तो बेटं आणि कप्पे या दोन्ही कल्पनांवरून बेतलेला आहे.

भारताचा यात काय वाटा?

या क्षेत्रातलं जगभर गाजलेलं एक नाव भारतीय आहे. प्रा. कल्याणमय देब यांनी १९८९ साली गोल्डबर्ग यांच्याबरोबर याच विषयावर, म्हणजे अनेक शिखरं एकाच वेळी सांभाळण्यावर, काम केलं होतं. पुढे आयआयटी कानपूरमध्ये असताना त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'एनएसजीए-२' हा अल्गोरिदम तयार केला. तो २००२ साली प्रसिद्ध झाला आणि आजही इंजिनियरिंगमध्ये सर्रास वापरला जातो.

एनएसजीए-२ चा प्रश्न थोडा वेगळा आहे. गाडी स्वस्तही हवी आणि मजबूतही, अशा परस्परविरोधी मागण्या असतील तर एकच 'बेस्ट' उत्तर नसतंच. तिथे चांगल्या तडजोडींची अख्खी यादी लागते. ती यादी एकाच कोपऱ्यात गोळा होऊ नये म्हणून या अल्गोरिदममध्ये गर्दीपासून लांब असलेल्या उत्तराला झुकतं माप मिळतं. प्रश्न वेगळा, पण काळजी तीच.

पण इतका खटाटोप कशासाठी?

पहिलं कारण, परिस्थिती बदलते. नासाच्या त्या अँटेनाचंच घ्या. पहिला अँटेना तयार झाल्यावर मोहिमेची कक्षा बदलली. त्या कक्षेसाठी तो अँटेना बसेना. शास्त्रज्ञांना नव्या अटी घालून नवा अँटेना घडवावा लागला. काल जे सगळ्यात उंच शिखर होतं, ते अटी बदलल्यावर टेकडी होऊ शकतं.

दुसरं उदाहरण रोबोटचं. मे २०१५ मध्ये 'नेचर'मध्ये एका सहा पायांच्या रोबोटवरचं संशोधन आलं. चालण्याची एकच उत्तम पद्धत शिकवण्याऐवजी संशोधकांनी आधी सिम्युलेशनमध्ये चालण्याच्या जवळपास १३,००० वेगवेगळ्या पद्धतींचं कपाट भरून ठेवलं. मग रोबोटचा पाय मोडला. त्याने कपाटातल्या काही पद्धती करून पाहिल्या आणि दोन मिनिटांच्या आत लंगडत का होईना, चालायला लागला. ज्या पद्धती धडधाकट असताना 'मागे पडलेल्या' होत्या, त्यातलीच एक कामी आली.

तिसरं कारण खास आजच्या एआयचं आहे. अल्फाइव्हॉल्व्हमध्ये उत्तरांत बदल करण्याचं काम जेमिनीसारखं भाषा मॉडेल करतं. आणि भाषा मॉडेलची एक खोड आता माहीत झाली आहे. ते पुन्हा पुन्हा एकाच ठशाच्या गोष्टी सांगतं. २०२४ साली 'सायन्स ॲडव्हान्सेस'मध्ये आलेल्या एका प्रयोगात काही लेखकांना छोटी गोष्ट लिहिताना एआयकडून कल्पना घेण्याची मुभा दिली होती. वाचकांना त्यांच्या गोष्टी एकेकट्या वाचताना जास्त सरस वाटल्या. पण सगळ्या एकत्र ठेवल्यावर त्या एकमेकींसारख्या निघाल्या. प्रत्येकाचा फायदा, पण सगळ्यांची मिळून विविधता कमी. असं मॉडेल उत्क्रांतीच्या चक्रात बसवलं आणि विविधता राखायची सोय केली नाही, तर घाईचं एकमत आणखी लवकर होणार.

म्हणूनच आता नव्या प्रणालींमध्ये यावर वेगळं लक्ष दिलं जातं. सप्टेंबर २०२५ मध्ये जपानच्या साकाना एआय कंपनीने 'शिंकाइव्हॉल्व्ह' ही खुली प्रणाली आणली. तिच्यात नवा प्रोग्राम आधीच्या प्रोग्रामसारखाच वाटला तर तो चाचणीला पाठवण्याआधीच अडवला जातो. ठराविक जागेत वर्तुळं बसवण्याच्या एका प्रसिद्ध कोड्याचं तोवरचं सर्वोत्तम उत्तर आपण फक्त १५० प्रयत्नांत शोधलं, असं कंपनी सांगते. म्हणजे विविधता नीट राखली तर खर्चही वाचू शकतो.

विविधता म्हणजे सगळ्यावरचं औषध आहे का?

नाही. ती फुकट मिळत नाही. दहा शिखरांवर माणसं ठेवायची तर प्रत्येक शिखराच्या वाट्याला कमी माणसं येतात. प्रश्नाला मुळात एकच शिखर असेल तर हा सगळा पसारा वायफळ ठरतो. आणि शिखरं किती आहेत हे आधी कळायला मार्ग नसतो. कोणती युक्ती वापरायची, हे म्हणूनच प्रत्येक प्रश्नागणिक पुन्हा ठरवावं लागतं.

दुसरा धोका खोट्या विविधतेचा. दोन प्रोग्राममध्ये नावं वेगळी, मांडणी वेगळी, पण काम अगदी तेच, असं होऊ शकतं. वरवर पाहिलं तर कपाट भरलेलं, आत सगळीकडे एकच माल. फरक दिसण्यातला मोजायचा की वागण्यातला, हे ठरवणं हेच यातलं खरं कौशल्य.

तिसरा धोका गुण देणाऱ्याचा. अल्गोरिदमला शिखर दिसत नाही, फक्त गुण दिसतात. गुण देण्याच्या पद्धतीत फट असेल तर चौफेर पसरलेली तुकडी ती फटही शोधून काढते. साकाना एआयनेच मे २०२५ मध्ये 'डार्विन गोडेल मशीन' नावाचा प्रयोग जाहीर केला होता. त्यात एआय स्वतःचाच कोड सुधारत होता, आणि जुन्या आवृत्त्यांचा साठाही जपत होता. प्रोग्रामिंगच्या एका चाचणीत त्याची मजल २० टक्क्यांवरून ५० टक्क्यांवर गेली. पण एका प्रयोगात चूक पकडण्यासाठी लावलेल्या खुणाच त्याने काढून टाकल्या आणि पूर्ण गुण मिळवले. हे कंपनीने स्वतःच सांगितलं.

तुमचा आमचा संबंध काय?

नोव्हेंबर २०२५ मध्ये टेरेन्स ताओ यांच्यासारख्या नामवंत गणितज्ञाने सहकाऱ्यांसोबत अल्फाइव्हॉल्व्ह ६७ गणिती प्रश्नांवर वापरून पाहिल्याचा शोधनिबंध आला. दुसरीकडे, याच प्रणालीने सुचवलेल्या नियमामुळे आपल्या जगभरातल्या संगणकीय क्षमतेपैकी सरासरी ०.७ टक्के क्षमता वाचते, असं गुगल सांगतं. म्हणजे ही पद्धत आता प्रयोगशाळेपुरती राहिलेली नाही. डेटा सेंटर झालं, उद्या वाहतूक, वीज, शाळेचे प्रवेश, काहीही असू शकतं.

आता एक काल्पनिक उदाहरण घ्या. एका शहरात बसचे मार्ग नव्याने आखायचे आहेत. एआयने एक आराखडा दिला आणि सांगितलं, हा सगळ्यात कमी खर्चाचा. त्यात सरकारी रुग्णालयाजवळचा थांबा बंद होतो. नगरसेवक काय करणार? 'कॉम्प्युटरने सांगितलं' म्हणून मान डोलावणार, किंवा सगळा आराखडा फेकून देणार.

तेच एआयने एकमेकांपेक्षा खरोखर वेगळे पाच आराखडे दिले तर? त्यातला दुसरा एखाद्या टक्क्याने महाग, पण रुग्णालयाचा थांबा शाबूत. तिसऱ्यात रात्रीच्या फेऱ्या जास्त. आता निवड माणसांच्या हातात आली. वाद होईल, भांडणंही होतील, पण कशाची किंमत काय, हे सगळ्यांसमोर असेल.

पहिल्या प्रकारातही निवड झालेलीच असते. फक्त ती गुण देण्याच्या सूत्रात आधीच होऊन गेलेली असते आणि ती कुणी केली, हे कुणाला दिसत नाही.

म्हणून 'एआयने सर्वोत्तम उत्तर शोधलं' अशी बातमी पुढच्या वेळी दिसली, तर तीन प्रश्न विचारायला हरकत नाही. गुण कोणी ठरवले आणि कशाला दिले? त्या उत्तराच्या जवळपास पोहोचलेली, पण वेगळ्या वाटेची उत्तरं किती होती? आणि ती कुणाला दाखवली का?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर 'नाही' असेल, तर समोरचं शिखर साल्हेर आहे की कळसूबाई, हे ठरवायला आपल्याकडे काहीच साधन उरत नाही.